'कोर्टशिप' हा शब्द इंग्रजीत आज कोण वापरतो, आणि वर्गात त्याचा अर्थ मराठीत कसा सांगावा?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी परभणी जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवतो. गेल्या आठवड्यात एका उताऱ्यात 'आफ्टर अ कोर्टशिप ऑफ टू इयर्स, दे वेअर मॅरिड' असे वाक्य आले. त्याचा अर्थ मराठीत लिहायला सांगितल्यावर एका अभ्यासू मुलाने लिहिले, 'दोन वर्षे कोर्टात केस चालल्यानंतर त्यांचे लग्न झाले.' वर्गात कोणीही हसले नाही, कारण निम्म्या वह्यांत थोड्याफार फरकाने तेच होते. मुलांच्या जागी उभे राहून पाहिले तर ही चूक मला अगदी समजण्यासारखी वाटते. त्यांच्या लेखी कोर्ट म्हणजे तालुक्याच्या गावचे न्यायालय, आणि घरच्यांचा विरोध पत्करून लग्न केलेल्या जोडप्याबद्दल 'त्यांनी कोर्ट मॅरेज केले' हे वाक्य त्यांनी गावात अनेकदा ऐकलेले असते. तेव्हा कोर्ट आणि लग्न हे दोन शब्द शेजारी आले की त्यांनी दुसरे काय समजावे?

मी शब्दकोश उघडून फळ्यावर 'प्रणयाराधन' असे लिहिले. तो शब्द मुलांना मूळ इंग्रजी शब्दाहूनही अवघड गेला. त्यातच रविवारी पुतणीच्या साखरपुड्यात पाव्हण्यांपैकी एक जण म्हणाले, 'चला, आता यांचा कोर्टशिप पिरियड सुरू झाला.' त्याच रात्री दूरचित्रवाणीवर पक्ष्यांच्या नाचाला निवेदक कोर्टशिप म्हणत होता. उताऱ्यातली कोर्टशिप लग्नाआधी दोन वर्षे चाललेली, पाव्हण्यांची साखरपुड्यानंतर सुरू झालेली आणि पक्ष्यांची तर वेगळीच. या तिन्ही ठिकाणी शब्द एकच आहे की अर्थ तीन आहेत, हे मला मुलांना नीट सांगायचे आहे. ज्यांची ती भाषा आहे ते लोक रोजच्या बोलण्यात हा शब्द खरोखर वापरतात का, आणि वापरत असतील तर कोणाविषयी वापरतात, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुनी वही

गोदाकाठ सर, मी अंबाजोगाईत बरीच वर्षे इंग्रजी शिकवून निवृत्त झालो आहे, आणि आपल्या विद्यार्थ्याची चूक मी माझ्या वर्गातही पाहिली आहे. मला वाटते, ही चूक खोडून पुढे जाण्याऐवजी तिथूनच शिकवायला सुरुवात करावी, कारण तो मुलगा शब्दाच्या मुळाच्या बराच जवळ पोहोचलेला आहे.

इंग्रजीतला 'कोर्ट' हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, आणि त्याच्या मागे लॅटिनमधला 'कोहॉर्स' हा शब्द आहे. त्याचा अर्थ चहूबाजूंनी बंदिस्त केलेले आवार. आपल्याकडच्या जुन्या वाड्याचा चौक डोळ्यांसमोर आणला की मुलांना हे लगेच कळते. अशा आवारात राजा बसला की तो झाला दरबार. दरबारात न्यायनिवाडा होऊ लागला की ते झाले न्यायालय. आणि आखलेल्या चौकोनात खेळ सुरू झाला की ते झाले बॅडमिंटनचे कोर्ट. आपल्याकडे निजामाच्या काळातले वृद्ध न्यायालयाला 'अदालत' म्हणत, त्यामुळे दरबार आणि अदालत हे दोन शब्द आपल्या कानाला वेगवेगळे वाटतात. इंग्रजीत मात्र दोन्ही कामे एकाच शब्दावर आली आहेत. कोर्टशिपमधले कोर्ट हे दरबाराचे आहे, अदालतीचे नाही. ही एवढी एक गोष्ट मुलांना सांगितली तरी निम्मे काम होते.

राहिला 'शिप'. त्याचा जहाजाशी संबंध नाही. फ्रेंडशिप, मेंबरशिप, हार्डशिप या शब्दांत जो प्रत्यय आहे तोच इथे आहे, आणि तो स्थिती, नाते किंवा पद दाखवतो. आपण पाटीलकी, माणुसकी, भाऊबंदकी म्हणताना 'की' लावतो, त्यासारखाच हा प्रकार समजावा. तेव्हा शब्दाचा पहिला अर्थ होता दरबारी माणसाची रीत: वागण्यातली अदब, बोलण्यातले मार्दव, वरिष्ठांची मर्जी राखण्याचे कसब. दरबारात एखाद्याची कृपा मिळवायला जसे गोड बोलावे, वाट पाहावी, पुन्हा पुन्हा हजेरी लावावी, तसेच एखाद्या स्त्रीचे मन जिंकण्यासाठीही करावे लागते, या साम्यावरून सोळाव्या शतकाच्या अखेरीस शब्द प्रेमाकडे वळला. तो वळत असतानाचा क्षण शेक्सपिअरने नेमका पकडला आहे. 1599 च्या सुमारास लिहिलेल्या 'अॅज यू लाइक इट' या नाटकात, पुरुषवेषात वनात राहणारी रोझलिंड आपल्या एका काल्पनिक काकाबद्दल सांगते की त्याला कोर्टशिप जरा जास्तच ठाऊक होती, कारण तिथेच तो प्रेमात पडला. 'तिथे' म्हणजे दरबारात. दरबारी रीत आणि प्रेमाची आर्जवे हे दोन्ही अर्थ प्रेक्षकांच्या कानात एकाच वेळी वाजत होते, म्हणूनच हा श्लेष साधला.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येतो. आजचा इंग्रजी भाषक स्वतःच्या चालू प्रेमाबद्दल हा शब्द सहसा वापरत नाही. 'मी सध्या कोर्टशिपमध्ये आहे' असे कोणी म्हणाले तर ऐकणाऱ्याला ते आजोबांच्या पेटीतल्या कोटासारखे वाटेल. हा शब्द मागे वळून पाहताना येतो: चरित्रात, इतिहासात, मृत्यूनंतरच्या आठवणींच्या लेखात, लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या बातमीत. त्याच्या आधी ब्रीफ, लाँग किंवा व्हर्लविंड अशी विशेषणे ठरल्यासारखी येतात, आणि पाठोपाठ लग्नाचा उल्लेख येतो. आपल्या उताऱ्यातले वाक्य याच साच्यातले आहे. शेवट ठाऊक असलेल्या गोष्टीलाच हा शब्द शोभतो, असे माझे मत आहे.

लातूर ते लीड्स

सरांनी सांगितलेले मी रोजच्या अनुभवावरून पक्के करू शकते. मी मूळची लातूरची, आणि गेली काही वर्षे इंग्लंडच्या उत्तर भागात, लीड्समध्ये, ज्येष्ठांच्या देखभालीचे काम करते. 'कोर्टशिप' हे नाम मला इथे बोलण्यात जवळजवळ कधीच ऐकू येत नाही. मात्र त्याचे क्रियापद जिवंत आहे, आणि तेही नव्वदीकडे झुकलेल्या माणसांच्या तोंडी. माझ्याकडच्या एक आजी दुपारचा चहा घेताना खिडकीबाहेरच्या बसथांब्याकडे बोट दाखवून म्हणतात, 'वी वेअर कोर्टिंग देन.' म्हणजे ते दोघे तेव्हा एकमेकांना भेटत होते, आणि ते सगळ्या गल्लीला माहीत होते. त्यांचे यजमान कामावरून सुटल्यावर त्या थांब्यावर उभे राहत आणि दोघे दोन थांबे पायी चालत घरी येत, एवढाच तो प्रकार. आजींची नात मात्र कोर्टिंग म्हणत नाही. ती 'आय ॲम सीइंग समवन' किंवा 'वी आर गोइंग आउट' म्हणते, किंवा सरळ डेटिंग म्हणते.

या शब्दांत फक्त पिढीचा फरक नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. कोर्टिंग म्हटले की पुढे लग्न आहे, हे गृहीत धरलेले असते. डेटिंग म्हटले की तसे काहीच गृहीत नसते. दोन भेटींनंतर ते संपूही शकते आणि त्यात कोणी शब्द मोडला असे होत नाही.

नाम आणि क्रियापद दोन्ही मला नियमितपणे दिसतात ते वर्तमानपत्रात, आणि तिथे प्रेमाचा संबंध नसतो. एखादा फुटबॉल क्लब दुसऱ्या क्लबच्या खेळाडूला आपल्याकडे यावे म्हणून अनेक महिने गळ घालतो, एखादा पक्ष निवडणुकीआधी तरुण मतदारांना जवळ करू पाहतो, एखादी कंपनी गुंतवणूकदारांच्या मागे असते. या सगळ्याला ते कोर्टिंग किंवा कोर्टशिप म्हणतात.

जुनी वही

ताईंनी डेटिंगचा मुद्दा काढला, त्यात एक भर घालतो. 'डेट' हा शब्द भेटीगाठीच्या अर्थाने 1890 नंतरच्या अमेरिकेत रुळला. त्याआधीच्या मध्यमवर्गीय रिवाजात मुलगा मुलीच्या घरी भेटायला येई, बैठकीच्या खोलीत बसे, आणि आई किंवा आत्या आसपास वावरत असे. डेटिंगमध्ये ही भेट घराबाहेर गेली: उपाहारगृहात, नाटक-सिनेमाला, पुढे मोटारीत. वडीलधाऱ्यांची नजर सुटली आणि खर्चाची बाब आली. म्हणूनच अमेरिकेतील काही धर्मनिष्ठ ख्रिस्ती कुटुंबांनी 1990 च्या दशकात डेटिंग नको म्हणताना 'कोर्टशिप' हाच जुना शब्द मुद्दाम पुन्हा हाती घेतला. त्यांच्या वापरात तो आई-वडिलांच्या संमतीने आणि लग्नाच्या उद्देशानेच ठेवलेल्या परिचयाला लागतो. एखाद्या अमेरिकन लेखात कोणी आजच्या काळातही स्वतःबद्दल कोर्टशिप म्हणत असेल, तर तो या वळणाचा आहे का, हे आधी पाहावे.

आणखी एक व्याकरणाची खूण मुलांना सांगण्यासारखी आहे. 'हिज कोर्टशिप ऑफ हर' या रचनेत एक जण मागे आहे आणि दुसरी होकार किंवा नकार देणारी आहे. 'देअर कोर्टशिप' या रचनेत दोघेही सारखेच सामील आहेत. पहिल्या रचनेला मराठीत अनुनय, मनधरणी, आर्जव हे शब्द चालतात, आणि पक्ष व मतदारांबद्दलच्या वाक्यात तर 'अनुनय' अगदी चपखल बसतो. दुसऱ्या रचनेला यांपैकी एकही शब्द चालत नाही, कारण दोघे मिळून कोणाचीच मनधरणी करत नसतात.

बालाघाटचा वाटसरू

मी बीड जिल्ह्यातला, आणि पक्षी पाहणे हा माझा अनेक वर्षांचा छंद आहे. गोदाकाठ सरांनी पक्ष्यांच्या नाचाचा उल्लेख जाता जाता केला आहे, परंतु माझ्या समजुतीप्रमाणे आजच्या इंग्रजीत हा शब्द सर्वांत निःसंकोचपणे वापरला जातो तो इथेच. माणसांविषयी बोलताना तो जुनाट वाटतो. प्राण्यांविषयी बोलताना कोणालाही तसे वाटत नाही. डार्विनने 1871 साली मानवाची उत्पत्ती आणि लैंगिक निवड यांवरच्या आपल्या ग्रंथात नर-मादीच्या निवडीची चर्चा करताना हा शब्द भरपूर वापरला, आणि 1914 मध्ये ज्युलियन हक्स्ली यांनी इंग्लंडमधील तलावांवरच्या एका तुरेवाल्या पाणपक्ष्याच्या सवयींवर जो प्रसिद्ध निबंध लिहिला त्याच्या शीर्षकातच तो आहे. त्या जातीत नर आणि मादी समोरासमोर येऊन माना हलवतात, चोचीत पाणवनस्पती घेऊन छातीला छाती लावून पाण्यावर उभे राहतात, म्हणजे दोघांचाही त्यात सारखाच वाटा असतो. जुनी वही सरांनी सांगितलेली दुसरी रचना ती हीच.

पहिल्या रचनेचे उदाहरण मात्र आपल्या शिवारात, विहिरीवर झुकलेल्या बाभळीला टांगलेले असते. पावसाळा लागला की सुगरणीच्या नराचे डोके पिवळेजर्द होते आणि तो गवताच्या लांब पट्ट्या चोचीने सोलून खोपा विणायला घेतो. तो पूर्ण विणत नाही. अर्धा, शिरस्त्राणासारखा उलटा झाला की थांबतो, त्याला लटकून पंख फडफडवतो आणि मोठ्याने ओरडतो. मग मादी येते, आत शिरते, वीण चोचीने ओढून पाहते. तिला पसंत पडला तरच तो खाली लोंबणारी नळी विणून खोपा पुरा करतो; नाही पडला तर तो अर्धवट खोपा तसाच वाऱ्यावर हलत राहतो. मागच्या पावसाळ्यात पाटोद्याकडे जाताना एका विहिरीवर मी असे अकरा खोपे मोजले, त्यांतले चार अर्धवट सोडलेले होते. विणणारा नर आणि नाव मात्र 'सुगरण', हे आपल्या भाषेने केलेले दान मला फार आवडते, कारण निवड करणारी आणि पिल्ले वाढवणारी तीच असते.

सर, कोर्टशिप शिकवायला याहून चांगले साधन आपल्या भागात मिळणार नाही. मुलांनी खोपे पाहिलेले असतात. नायगावच्या मयूर अभयारण्याजवळची मुले असतील तर त्यांनी पिसारा थरथरवणारा मोरही पाहिलेला असतो. या अर्थासाठी 'प्रणयाराधन' हा शब्द विज्ञानाच्या मराठीत रुळलेला आहे, आणि तो तिथेच ठेवावा, असे मला वाटते. आजी-आजोबांच्या बसथांब्याला तो लावला की उगाच जड होतो.

मांजराकाठची

मी केज तालुक्यातली, सध्या पुण्यात नोकरीला आहे. पाव्हण्यांच्या 'कोर्टशिप पिरियड'बद्दल कोणी अजून लिहिलेले नाही, म्हणून लिहिते, कारण या शब्दाने माझाच गोंधळ झाला होता.

आपल्याकडची लग्नाची वाट सगळ्यांना ठाऊक आहे. आधी नात्यातून सोयरीक सुचवली जाते, मुलगी पाहण्याचा कार्यक्रम होतो, पसंती कळवली जाते, मग बैठक बसते, देण्याघेण्याची बोलणी होतात, सुपारी फुटते आणि साखरपुडा होतो. माझ्या आईच्या वेळी साखरपुड्यानंतर थेट हळदीलाच वडिलांचे तोंड पुन्हा दिसले होते. माझ्या वेळी साखरपुडा आणि लग्न यांत सहा महिने होते, आणि त्या सहा महिन्यांत आम्ही रोज रात्री जेवणे झाल्यावर फोनवर बोलायचो. मी गच्चीवर जायची, आणि आजी जिन्याच्या पहिल्या पायरीवर जपमाळ घेऊन बसायची. ती काही ऐकत नव्हती. तिचे तिथे बसणे एवढेच पुरेसे होते. त्या सहा महिन्यांना आमच्या कार्यालयात, मैत्रिणींमध्ये, लग्नाच्या छायाचित्रकाराच्या जाहिरातीतसुद्धा सगळे 'कोर्टशिप पिरियड' म्हणत होते, आणि तो शब्द इंग्रजीत असाच असणार, अशी माझी खात्री होती.

आमचे एक काम इंग्लंडमधल्या ग्राहकाबरोबर चालते. लग्नाच्या रजेबद्दल लिहिताना मी सहज कळवले की आमची कोर्टशिप सध्या सुरू आहे. तिकडच्या बाईंनी फार प्रेमाने उत्तर दिले की छान, घाई करू नकोस, तो तुला योग्य वाटतो का ते नीट पाहा आणि मगच ठरव. माझ्या घरी तेव्हा पत्रिका छापून आल्या होत्या! त्यांच्या समजुतीप्रमाणे आमचे अजून काहीच ठरलेले नव्हते.

तेव्हापासून मी हा फरक असा समजते, आणि चुकत असेन तर जुनी वही सरांनी दुरुस्त करावे. इंग्रजांच्या कोर्टशिपचा शेवट मागणी घालण्यात होतो. मागणी मान्य झाली की कोर्टशिप संपली आणि एंगेजमेंट सुरू झाली. आपली कोर्टशिप एंगेजमेंट झाल्यावर सुरू होते. त्यांच्याकडे तो निर्णयापर्यंत पोहोचण्याचा काळ आहे, आपल्याकडे तो झालेल्या निर्णयाशी ओळख करून घेण्याचा काळ आहे. आपण शब्द त्यांचा घेतला आणि त्याची जागा बदलली. मला यात काही चूक वाटत नाही, कारण आपल्या घरांत या काळाला नावच नव्हते, आणि नाव मिळाल्याने तो काळ मुलींना हक्काने मिळू लागला. माझ्या धाकट्या बहिणीच्या बैठकीत वडिलांनी स्वतः 'निदान चार महिने कोर्टशिपला द्या' असे सांगितले. त्यांना इंग्रजी येत नाही. 'मुलांना बोलू द्या' हे वाक्य पाव्हण्यांसमोर त्यांच्या तोंडून कदाचित निघाले नसते. या शब्दाआडून ते निघाले. मात्र परदेशी माणसाला लिहायचे असेल, तर 'वी आर एंगेज्ड' असेच लिहावे.

जुनी वही

मांजराकाठच्या ताई, आपण काहीही चुकलेला नाहीत. मागणीपूर्वीचा काळ आणि मागणीनंतरचा काळ हा भेद इतक्या स्पष्टपणे मी माझ्या वर्गात कधी मांडला नव्हता, याची मला खंत वाटते. भारतीय इंग्रजीतला हा स्वतंत्र अर्थ आहे, आणि मुलांना तो चुकीचा म्हणून सांगू नये. तो इथला आहे, एवढे सांगावे.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आज तास घेतला. फळ्यावर आधी वाड्याचा चौक काढला, त्यात राजा बसवला, आणि मग तीन वाक्ये लिहिली. उताऱ्यातल्या वाक्यासाठी 'दोन वर्षे एकमेकांना भेटत, समजून घेत राहिल्यावर त्यांनी लग्न केले' असे सांगितले, आणि एकाच शब्दाला एक शब्द ठेवण्याचा हट्ट सोडला. सुगरणीचे उदाहरण देताच मागच्या बाकावरच्या त्याच मुलाने सांगितले की त्यांच्या मळ्यातल्या विहिरीवर अर्धे खोपे आहेत आणि ते वाऱ्याने मोडले असावेत, असे त्याला आजवर वाटत होते.

एका मुलीने मात्र मला अडवले. तिच्या स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात हैदराबाद मुक्तिसंग्रामाबद्दल 'कोर्टेड अरेस्ट' असे आहे. तिने विचारले, अटकेचे आर्जव कोण करील? मी उद्या सांगतो, असे म्हणून आलो आहे.

जुनी वही

तिला सांगा की प्रश्न फार चांगला आहे. क्रियापदाची ही आणखी एक शाखा: जे सहसा कोणी मागत नाही, ते आपल्या वागण्याने ओढवून घेणे. 'कोर्टिंग डिझास्टर' म्हणजे संकट ओढवून घेणे, 'कोर्टिंग काँट्रोव्हर्सी' म्हणजे वाद ओढवून घेणे. या अर्थी नाम चालत नाही. संकटाची कोर्टशिप असे कोणी म्हणत नाही. 'कोर्ट अरेस्ट' हा प्रयोग भारतीय इंग्रजीत सत्याग्रहाच्या चळवळीमुळे विशेष रुजला. 1938 साली हैदराबाद संस्थानात स्टेट काँग्रेसने सत्याग्रह केला, तेव्हा स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांच्यासारखे अनेक जण बंदी मोडून, आपल्याला पकडले जाणार हे माहीत असताना, पुढे गेले. त्यांनी अटक चुकवली नाही, तिला सामोरे जाऊन ती मागून घेतली. मराठीत याला 'अटक करवून घेणे' असा सरळ प्रयोग आहे, आणि त्या मुलीच्या पुस्तकातल्या वाक्याला तोच लावावा.